पोटरीचा आकार आणि पोटरीचे बळ

कोलकात्याच्या समोर, हुगळी नदीच्या पश्चिम तीरावरील हावडा जिल्ह्यात १३ जानेवारी २०११ रोजी एका लहान मुलीस पोलिओ झाला. निसर्गात आढळणाऱ्या पोलिओ-विषाणूचा भारतातील तो अखेरचा रुग्ण ठरला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह आपला आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित केला. तथापि, रोग गेला तरी त्याची खूण रुग्णाच्या अंगावर जन्मभर राहते. वाळलेली पोटरी ही त्यांपैकीच एक होय.

पोटरीत दोन मोठे स्नायू एकावर एक असतात. खाली ते एकत्र येऊन टाचेच्या हाडास जाड कंडऱ्याने जोडलेले असतात. चालताना व जिना चढताना टाच उचलली जाते, ती त्यांच्या आकुंचनामुळे. पोलिओचा विषाणू मुख्यतः घाला घालतो तो स्नायूंवर नव्हे, तर पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूमधील चेतापेशींवर. या पेशी मेल्या म्हणजे स्नायूस आज्ञा पोहोचत नाही. आणि काम नसलेला स्नायू झिजत जातो.

अशा पोटरीस भरीव आकार देण्यासाठी सुईवाटे भरणद्रव्ये टोचता येतात. इंग्रजीत त्यांना ‘फिलर’ म्हणतात. या कल्पनेचा इतिहास बोधप्रद आहे. १८९९ मध्ये व्हिएन्ना येथील गेर्सुनी या शल्यचिकित्सकाने पॅराफिन वापरले. परंतु पुढे त्याच्या कठीण गाठी होऊ लागल्या. द्रवरूप सिलिकोननेही तसेच अपाय घडविले. आज अधिक वापरात असलेले हायालुरोनिक आम्ल मायर व पामर यांनी १९३४ मध्ये गाईच्या डोळ्यातील पारदर्शक द्रव्यातून वेगळे केले. ते पाणी धरून ठेवते व त्वचेतही असते. कालांतराने शरीर त्याचे विघटन करते. म्हणून त्याने दिलेला आकार कायम टिकत नाही.

चेहऱ्यावरील सुरकुतीस एकदोन मिलिलिटर द्रव्य पुरते. पोटरीस त्याच्या अनेकपट लागते. द्रव्य रक्तवाहिनीत शिरले तर रक्तप्रवाह अडून ऊतींचा नाश होऊ शकतो. ते फुप्फुसापर्यंत पोहोचल्यास जिवावर बेतते. शरीराच्या मोठ्या भागाचा घाट बदलण्यासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अशा कोणत्याही भरणद्रव्यास मान्यता दिलेली नाही. रुग्णाच्याच पोटावरील चरबी काढून पोटरीत भरणे हा दुसरा मार्ग आहे. मात्र तिचाही काही भाग शरीर शोषून घेते.

आपला पाय चारचौघांसारखा दिसावा, ही इच्छा स्वाभाविक आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याजोगी नाही. परंतु भरणद्रव्य आकुंचन पावत नाही. ते टाच उचलीत नाही. दुर्बल पायास आधार हवा असतो तो व्यायामोपचाराचा, योग्य मापाच्या कॅलिपरचा व प्रसंगी शस्त्रक्रियेचा. याच कार्यासाठी कोलकात्यातील बोनहुगली येथे १९७८ पासून एक राष्ट्रीय संस्था कार्यरत आहे. आणि पुढील पिढीच्या पोटऱ्या मुळातच वाळू नयेत, यासाठी प्रत्येक बालकास वेळेवर लस मिळणे अगत्याचे आहे.