मास्तरांची नासपती

विलायतेतील सुप्रसिद्ध ‘विल्यम्स’ नासपती १७७० च्या सुमारास बर्कशायरमधील आल्डरमॅस्टन गावी जॉन स्टेअर या शाळामास्तरांच्या बागेत प्रथम आढळली. पुढे नाव लागले ते ती विकणाऱ्या रोपवाल्याचे, आणि अमेरिकेत बार्टलेट यांचे. मास्तर मागेच राहिले. अस्मादिकांस हे थोडे खटकते!

फळ घंटेच्या आकाराचे, साल पातळ, गर लोण्यासारखा मऊ, रसाळ व किंचित कस्तुरीगंधी. मात्र ती आंब्याप्रमाणे उतरवूनच पिकवावी लागते. झाडावर ठेवल्यास ती गाभ्याकडून पिकत येते आणि वरून पिवळी दिसेतो आत नासते. म्हणून हिरवी, टणक असतानाच उतरवावी आणि देठाजवळ अंगठ्याने दाबता किंचित नमली की त्याच दिवशी खावी.