अमेरिकेतलं आयआरए खातं वारशाने आलं तर

अमेरिकेत आयुष्यभर नोकरी केलेल्या आई-वडिलांच्या मागे घराइतकीच मोठी रक्कम बऱ्याचदा आयआरए या वैयक्तिक निवृत्ती खात्यात असते. ती कोणाला जाणार हे मृत्युपत्र नव्हे, तर खात्यावरचा लाभार्थीचा अर्ज ठरवतो. घटस्फोटानंतरही जुनं नाव तसंच राहिलेले अर्ज आढळतात, म्हणून तो हयातीतच तपासावा.

चेक घेऊ नका

पती-पत्नी सोडून इतर वारसांना हे पैसे स्वतःच्या आयआरएत मिसळता येत नाहीत. मृताचं नाव कायम ठेवून वारसा खातं उघडायचं आणि रक्कम एका संस्थेतून दुसरीत परस्पर वळवून घ्यायची. पारंपरिक (म्हणजे पैसे काढताना कर लागणाऱ्या) खात्याचा चेक स्वतःच्या नावावर घेतला, तर रक्कम त्या वर्षाचं करपात्र उत्पन्न ठरते. साठ दिवसांत परत भरण्याची सवलत इथे नाही.

दहा वर्षांची मुदत

पूर्वी वारसाला स्वतःच्या आयुर्मानानुसार थोडेथोडे पैसे काढता येत. २०१९च्या सिक्युअर कायद्याने, २०२०पासूनच्या मृत्यूंसाठी, बहुतेक वारसांची ती सोय गेली. आता मृत्यूच्या वर्षानंतरच्या दहाव्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खातं रिकामं करावं लागतं.

मृताला सक्तीने पैसे काढण्याचं वय लागू झालेलं असेल (सध्या ७३), तर मधल्या वर्षांतही दरवर्षी किमान रक्कम काढावी लागते. समजा, आई २०२४मध्ये ७८व्या वर्षी वारली. मुलाने २०२५पासून दरवर्षी काढायचं आणि २०३४अखेर खातं संपवायचं. चुकलेल्या रकमेवर २५ टक्के दंड. दोन वर्षांत भरपाई केल्यास १० टक्के.

सगळं दहाव्या वर्षावर ढकलणं मला धोक्याचं वाटतं. वारस बहुधा पन्नाशीत, पगाराच्या शिखरावर असतो. एकदम आलेली रक्कम त्याला वरच्या करटप्प्यात नेते. नोकरी सुटलेलं किंवा कमी कमाईचं वर्ष असेल, त्या वर्षी जास्त काढावं. साडेएकोणसाठच्या आत काढल्याचा १० टक्के जादा कर वारसा खात्याला लागत नाही.

जोडीदार, मृताचं अल्पवयीन मूल, अपंग वा दीर्घ आजारी व्यक्ती आणि मृतापेक्षा दहा वर्षांहून जास्त लहान नसलेला वारस यांना दहा वर्षांच्या मुदतीतून सवलत आहे. मूल २१ वर्षांचं झालं की त्याचीही दहा वर्षं सुरू होतात. नातवंडांना ही सवलत नाही.

रॉथमध्ये बदल

वारशाने आलेलं पारंपरिक आयआरए मुलाला रॉथमध्ये, म्हणजे आधीच कर भरलेल्या पैशांच्या आयआरएत, बदलता येत नाही. मात्र वारशाने आलेल्या ४०१(के), म्हणजे नोकरीतल्या कंपनीमार्फतच्या निवृत्ती खात्यातली रक्कम थेट वारसा रॉथ आयआरएत नेता येते; कर त्याच वर्षी भरावा लागतो आणि दहा वर्षांची अट सुटत नाही.

जोडीदार खातं आपल्या नावावर करून हवा तेव्हा बदल करू शकतो. पण तरुण विधवेने घाई करू नये. खातं स्वतःचं केलं, की साडेएकोणसाठच्या आत काढल्याचा १० टक्के जादा कर तिला लागू होतो.

वारस भारतात असेल तर

अमेरिकी नागरिक किंवा तिथला रहिवासी नसलेल्या वारसाच्या रकमेतून साधारणपणे ३० टक्के कर आधीच कापला जातो. भारत-अमेरिका कर करारातल्या सवलतीसाठी डब्ल्यू-८बेन हा अर्ज आणि करदाता क्रमांक लागतो. म्हणून पहिली रक्कम काढण्याआधी दोन्ही देशांचे कर जाणणाऱ्या सल्लागाराला गाठावं.