गुप्ता-कपूर आणि गव्हाचं शेत

बारावी सायन्स झालेल्यांत संख्याशास्त्र ठरवून घेणारी मुलं थोडी. इंजिनीअरिंगची यादी हुकलेली, गणितात बरी पण निव्वळ गणिताची धास्ती घेतलेली, नाहीतर ‘डेटा सायन्सला स्कोप आहे’ असं कुणा मामाकडून ऐकलेली मुलं वर्गात येऊन बसतात. पुणे विद्यापीठाच्या जुन्या रचनेत बीएस्सीच्या पहिल्या वर्षी चार विषय असायचे, दुसऱ्या वर्षी तीन आणि तिसऱ्या वर्षी एकच. त्यामुळे चौथा विषय हवा म्हणून घेतलेलं ‘स्टॅट्स’ अनेकांच्या बाबतीत शेवटी तेवढंच उरायचं. नव्या शैक्षणिक धोरणामुळे मेजर-मायनरची भाषा आली, श्रेयांकांचे हिशेब आले, चौथ्या वर्षाचा पर्याय आला. वर्गात शिकवलं जातं ते मात्र फारसं हललेलं नाही.

एफवायला सरासरी, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन आणि फासे-पत्ते-चेंडूंची संभाव्यता. हे वर्ष फसवं असतं. अर्धाअधिक भाग अकरावी-बारावीत झालेला, म्हणून मुलं निर्धास्त राहतात. खरी पडझड एसवायला होते. गॅमा, बीटा, टी, एफ, काय-स्क्वेअर अशी वितरणांची रांग लागते; एकातून दुसरं काढायचं, जॅकोबियन लावायचा, मोमेंट जनरेटिंग फंक्शन काढायचं. ज्याचं कॅल्क्युलस कच्चं, त्याची इथे एटीकेटी ठरलेली. एस. सी. गुप्ता आणि व्ही. के. कपूर यांचं जाडजूड पुस्तक याच वर्षी उशाशी येतं. गणितं भरपूर, उत्तरांसकट. परीक्षेपुरतं त्याच्याइतकं उपयोगी पुस्तक दुसरं नाही, आणि माझ्या मते विषयाबद्दलचे निम्मे गैरसमजही त्याच्याच वाचनातून रुजतात.

टी-वितरणाचंच पाहा. डब्लिनच्या गिनेस कंपनीत बिअर बनवायची म्हणजे बार्ली पारखायची आणि हाताशी नमुने मोजकेच. त्या अडचणीतून विल्यम गॉसेटनं १९०८ साली छोट्या नमुन्यांचं गणित मांडलं. कंपनी नाव छापू देईना, म्हणून ‘स्टुडंट’ या टोपणनावानं. वर्गात फळ्यावर येतं ते थेट सूत्र: वर नॉर्मल चल, खाली काय-स्क्वेअरचं वर्गमूळ. पाच-सहा नमुन्यांवर निर्णय घ्यायची पाळी आलेला माणूस त्यात कुठेच नसतो.

प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये हीच गत. ‘एका कारखान्यातील ५० बल्बांचे आयुष्य खालीलप्रमाणे आहे.’ ते बल्ब कुणी पाहिलेले नसतात. कॅल्क्युलेटर बडवायचा, तक्त्यातली किंमत बघायची, ‘५ टक्के पातळीवर नल हायपोथिसिस फेटाळला’ असं लिहायचं आणि सही घ्यायची. आता कॅल्क्युलेटरच्या जागी आर हे सॉफ्टवेअर आलं, पायथन आलं. आर फुकट आहे, खेड्यातल्या महाविद्यालयातही चालतं, हे मोठंच काम झालं. पण त्यावर पहिल्यांदा उघडतात ती आयरिसची दीडशे फुलं: त्यातल्या दोन जाती एडगर अँडरसननं कॅनडातल्या गॅस्पे भागात मोजलेल्या, रोनाल्ड फिशरनं १९३६ साली वापरलेल्या. आपल्याकडची मुलं आजही त्याच पाकळ्यांची लांबी-रुंदी मांडत बसतात. बल्बांऐवजी फुलं आली, इतकंच.

वास्तविक आपल्या देशात हा विषय वाढला तो शेतात. प्रशांतचंद्र महालनोबिस मूळचे भौतिकशास्त्राचे. त्यांनी १९३१ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भारतीय सांख्यिकी संस्था सुरू केली आणि पुढे बंगालमधल्या तागाचं क्षेत्र नि उत्पादन नमुना पद्धतीनं मोजायचा घाट घातला. त्यांचा भर छोट्या तुकड्यांवर होता. तुकडा छोटा असला की तेवढ्याच खर्चात अनेक ठिकाणी कापणी करता येते आणि नमुना पसरतो. गणित बिनचूक होतं. त्याला आडवा गेला तो सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा माणूस: पांडुरंग वासुदेव सुखात्मे. फर्ग्युसनमध्ये शिकून, लंडनहून डॉक्टरेट घेऊन ते कृषी संशोधन परिषदेत काम करत होते. छोट्या तुकड्यात उत्पादन फुगून येतं, असं त्यांनी गव्हाच्या शेतात प्रत्यक्ष कापणी करून दाखवलं. १९४७ साली त्यांचा यावरचा निबंध अमेरिकन सांख्यिकी परिषदेच्या नियतकालिकात छापून आला.

कारण साधं आहे. दोन फूट त्रिज्येचं वर्तुळ घेतलं तर एका चौरस फुटामागे एक फूट सीमा येते. तेच ३३ फूट बाय साडेसोळा फुटांचा आयत घेतला, तर एका चौरस फुटामागे जेमतेम दोन इंच. सीमेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, हे कापणारा ठरवतो, आणि माणसाचा हात भरल्या कणसाकडेच वळतो. सीमा जितकी जास्त, तितकी ही चूक जास्त. शेकडो वर्तुळं कापली तरी ती कमी होत नाही, कारण सगळ्या वर्तुळांत ती एकाच दिशेनं होते. महालनोबिसांचं म्हणणं असं की आपले पगारी, शिकवलेले अन्वेषक ही चूक करणार नाहीत. सुखात्म्यांना काम करून घ्यायचं होतं ते महसूल आणि शेती खात्याच्या असलेल्या माणसांकडून. हा वाद दोघांनी बरीच वर्षं चालवला. नमुना-त्रुटी आणि नमुन्याबाहेरची त्रुटी हा टीवायच्या पेपरातला पाच गुणांचा प्रश्न या वादात जिवंत होतो, आणि हा वाद वर्गात सांगितला जात नाही याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देता येत नाही. ज्याच्या खाली उत्पादन गेलं की पीक विम्याची भरपाई मिळते, ते उंबरठा उत्पादन ठरतं गेल्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांच्या सरासरीला जोखीमस्तरानं गुणून. चालू वर्षाचं उत्पादन येतं महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांतून, आणि खरीप २०२५मध्ये राज्यात भरपाईचा मुख्य आधार हे प्रयोगच राहिले. समजा, एका मंडळात दहा प्लॉट कापले आणि शेताशेतांतल्या उताऱ्याचं प्रमाण विचलन सरासरीच्या ४० टक्के निघालं. मग सरासरीची प्रमाण त्रुटी येते साधारण १३ टक्के. म्हणजे उत्पादन उंबरठ्याच्या आसपास असेल, तर भरपाई मिळाली की हुकली हे बऱ्याच अंशी कुठली दहा शेतं निघाली यावर ठरू शकतं. एसवायच्या मुलाला हा हिशेब तोंडी जमायला हवा. सोयाबीनवाल्या घरातून आलेली कितीतरी मुलं वर्गात असतात. बल्बांपेक्षा हे गणित त्यांना जास्त भिडेल.

आपल्याकडच्या मोठ्या माणसांनी संख्याशास्त्र असंच हाताशी असलेल्या गोष्टींवर वापरलं. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे गोव्याचे दामोदर कोसंबी आहत नाणी तराजूत तोलत बसले. नाणं जितकं जास्त फिरलं तितकं झिजलेलं आणि वजनांतली तफावत तितकी वाढलेली, या तर्कावर त्यांनी नाण्यांचा काळानुक्रम लावला. इरावती कर्व्यांच्या शरीरमापनाच्या नोंदींना वि. म. दांडेकरांच्या संख्याशास्त्राची जोड मिळाली. गणिती बाजूही तितकीच भक्कम होती. कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार यांनी १९५३ साली पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला आणि १९६० साली केंब्रिजचं ॲडम्स पारितोषिक मिळवलं.

ज्याला सिद्धतेची गोडी आहे त्यानं कलकत्त्याचा विचार जरूर करावा. १९५९ च्या कायद्यानं भारतीय सांख्यिकी संस्थेला राष्ट्रीय महत्त्वाचा दर्जा मिळाला आणि १९६० पासून तिथे बी.स्टॅट. सुरू झालं. प्रवेश परीक्षेचा वर्णनात्मक पेपर पाठांतरानं सुटत नाही. तिथे मुद्दा सुचावा लागतो. निवड झाली की फी जवळपास नाही, वर विद्यावेतन. जेईईसाठी लातूर-कोट्याला लाखो रुपये ओतणाऱ्या घरांत या परीक्षेचा साधा फॉर्मही भरला जात नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

टीवायचा प्रकल्प ही जागा सगळ्यात वाया जाते. गूगल फॉर्म करायचा, व्हॉट्सॲपवर मित्रांना पाठवायचा, दोनशे उत्तरं आली की काय-स्क्वेअर लावायचा. जी मुलं आदल्याच सत्रात स्तरित नमुना शिकलेली असतात, तीच हे करतात आणि मार्गदर्शक गुण देतात. गावातल्या पन्नास घरांची यादी करून त्यातली दहा चिठ्ठीनं निवडा आणि दार उघडलं नाही तर तीनदा जा, एवढं केलं तरी प्रतिसाद न देणारी घरं म्हणजे काय ते कळतं.

पुढे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पूर्वीपेक्षा सोपं झालंय. एम.एस्सी. आहेच. विमा गणिताच्या परीक्षा आहेत. त्या लांबलचक असतात; चिवट मुलांनीच तिकडे वळावं. पुण्यात औषध चाचण्यांच्या विदेचं काम मिळतं, बँकांत कर्जजोखमीचं. लोकसंख्येत रस असेल तर देवनारची १९५६ साली सुरू झालेली लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. आणि भारतीय सांख्यिकी सेवा आहे. यूपीएससीच्या या परीक्षेला पदवीत संख्याशास्त्र असलेलं पुरतं, पण मराठी मुलांच्या अभ्यासिकांत तिची चर्चा राज्यसेवेच्या मानानं नगण्य. तिथल्या कामाला तोटा पडणार नाही. २०११ नंतर जनगणनाच झालेली नाही. नवीची संदर्भ तारीख बहुतेक देशासाठी १ मार्च २०२७ आहे. दारोदार फिरणारे प्रगणक बहुतेक शिक्षक असतील, पण ती मोजणी हाती आल्यावर देशभरच्या नमुना पाहण्यांच्या चौकटी नव्यानं आखायला याच पदवीची माणसं लागतील.