पदवी स्तरावरील विद्यार्थ्यांचा शैक्षणिक ताण : स्वरूप आणि सामना

प्रस्तावना :
बारावीची परीक्षा झाली की अभ्यासाचा ताण संपला, असा समज अनेक कुटुंबांत आढळतो. वस्तुतः पदवी स्तरावर ताण संपत नाही, त्याचे केवळ स्वरूप बदलते. सत्र पद्धतीत वर्षातून दोन परीक्षा येतात. त्यांच्या जोडीला अंतर्गत मूल्यमापन, प्रकल्प, प्रात्यक्षिके आणि मागील सत्रातील राहिलेले विषय, म्हणजेच एटीकेटी, असतात. खेड्यातील मराठी माध्यमातून शहरातील विज्ञान शाखेत आलेल्या विद्यार्थ्याला तर विषयाआधी विषयाची भाषाच शिकावी लागते.

ताण आणि त्याचा सामना :
हान्स सेल्ये यांनी १९३६ साली निरनिराळ्या हानिकारक घटकांना शरीर एकसारखाच प्रतिसाद देते असे दाखवून दिले आणि ताणाच्या आधुनिक अभ्यासाला चालना मिळाली. रिचर्ड लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भर दिला तो व्यक्ती परिस्थितीचे मूल्यमापन कसे करते यावर. सामना करण्याचे दोन प्रकार त्यांनी मांडले. समस्याकेंद्री प्रकारात ताणाचे कारणच बदलण्याचा प्रयत्न असतो, तर भावनाकेंद्री प्रकारात त्या कारणाने निर्माण झालेली अस्वस्थता सावरली जाते. जे बदलता येते तेथे पहिला आणि जे आपल्या हाती नाही तेथे दुसरा प्रकार सामान्यतः उपयुक्त ठरतो. विद्यार्थ्यांकडून नेमकी येथेच अदलाबदल होते.

अभ्यास ही बदलता येण्याजोगी बाब होय. परंतु परीक्षा जवळ आली की विद्यार्थी त्याच वह्या आणि तेच गाइड पुनःपुन्हा वाचत बसतो. ओळखीचा मजकूर डोळ्यांखालून गेला की 'येते आहे' असे वाटून मनाला धीर येतो. हा अभ्यास दिसत असला तरी कार्याने तो भावनाकेंद्री उपायच आहे. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्या गटाने न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून पुस्तक मिटून मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडविणे, चुकलेला भाग दोन-तीन दिवसांनी पुन्हा लिहून पाहणे हे आरंभी अप्रिय वाटले तरी ताणाच्या मुळाशी जाणारे उपाय होत. रात्रभर जागून केलेल्या वाचनात तर स्मरणाला आवश्यक असलेली झोपच खर्ची पडते!

निकालाची प्रतीक्षा :
याउलट निकाल हाती नसतो, तरी दिवसातून दहा वेळा संकेतस्थळ उघडून पाहिले जाते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ४५ दिवसांच्या आत लागणे अपेक्षित आहे. तथापि २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची तपासणी संगणकाच्या पडद्यावर सुरू केली आणि अनेक शाखांचे निकाल महिनोन्महिने रखडले. पुढील प्रवेशाची मुदत टळण्याची विद्यार्थ्यांची भीती त्या वेळी काल्पनिक नव्हती. अशा स्थितीत 'मन शांत ठेवा' हा उपदेश अपुरा पडतो. पुनर्मूल्यांकनाची मुदत टिपून ठेवणे, प्रवेश घ्यावयाच्या संस्थेस विलंब लेखी कळविणे एवढेच काय ते विद्यार्थ्याच्या हाती असते. उरलेल्या अस्वस्थतेसाठी खेळ, नियमित झोप, मित्रांशी मोकळे बोलणे हे साधे भावनाकेंद्री उपाय येथे यथायोग्य ठरतात.

संस्थेची जबाबदारी :
सगळा भार विद्यार्थ्याच्या मनोबलावर टाकणे मात्र न्याय्य नव्हे. एकाच आठवड्यात चार विषयांच्या प्रकल्पांची अंतिम तारीख ठेवली जात असेल, तर तो ताण वेळापत्रकाने निर्माण केलेला असतो आणि विभागांच्या एका बैठकीत तो दूर होऊ शकतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांची कारणे अनेक असतात, केवळ परीक्षा नव्हे. परंतु झोप व भूक हरपणे, वर्गात येणे थांबणे, जगण्याविषयी निराशेने बोलणे ही लक्षणे शिक्षकाच्या दृष्टीस पडू शकतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असणे अपेक्षित आहे. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, केंद्र शासनाची २०२२ पासून सुरू असलेली टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.