आबांना अंगणात पोरं दिसतात



गेल्या महिन्याच्या बैठकीत एका ताईंनी तीन हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. कारण विचारलं तर गप्प. नंतर स्टँडपर्यंत माझ्यासोबत चालत आल्या, तेव्हा म्हणाल्या, "सासऱ्यांना अंगणात लहान पोरं दिसतात. बाहेरचं आहे म्हणतात सगळे. देवऋष्याकडे न्यायचंय."

सासऱ्यांना सहा वर्षांपासून कंपवात आहे, म्हणजे पार्किन्सन.

कंपवात म्हटलं की आपल्याला थरथरणारा हात आठवतो. पण आजार मेंदूतला आहे. डोपामिन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू कमी होतात. हे रसायन हालचालीला लागतं, तसंच मनाच्या उभारीलाही लागतं. म्हणून काहींना हात थरथरायच्या कितीतरी आधीपासून उदास वाटतं. कशात रस नाही, उगाच धास्ती, झोप नाही. घरचे म्हणतात, म्हातारा हट्टी झालाय. चेहऱ्याचे स्नायूही ताठरतात, त्यामुळे नातू समोर खेळला तरी हसू उमटत नाही. माया आटलेली नसते हो! (मीसुद्धा हे शिकेपर्यंत अशा माणसांना तुसडंच समजायचे.)

आजार जुना झाला की काहींना माणसं, मुलं, कुत्री-मांजरी दिसतात. कधी आजारामुळे, कधी त्याच्याच गोळ्यांमुळे. "कुठंय? काही नाही तिथं!" असं ओरडू नका. "मला नाही दिसत, पण मी आहे ना जवळ," असं म्हणा आणि दिवा लावा. मात्र एक-दोन दिवसांत एकदम बरळायला लागले, तर लघवीचा जंतुसंसर्ग किंवा अंगातलं पाणी कमी झालेलं असू शकतं. त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

भास होतात म्हणून गोळ्या मनानेच बंद करू नका. अचानक बंद केल्या तर अंग जखडतं, जिवावरही बेतू शकतं. नवीन डॉक्टरकडे गेलात तर आधी कंपवात आहे हे सांगा, जुनी चिठ्ठी दाखवा. कारण भासावरच्या आणि उलटीवरच्या काही औषधांनी कंपवात वाढतो.

आणखी एक, जे कुणी बोलत नाही. कंपवाताच्या काही गोळ्यांनी आकडा खेळायचा, वाटेल तसा पैसा उडवायचा नाद लागू शकतो. कधी न खेळलेला माणूस खेळायला लागला तर लाज न धरता डॉक्टरांना सांगा. गोळी बदलता येते.

उदासी, भास याबद्दल फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे, रात्रीसुद्धा चालतो. रात्र-रात्र जागणाऱ्या सुनेनेही त्यावर फोन करावा. 2016 च्या दिव्यांग कायद्यात कंपवात धरलेला आहे, तेव्हा प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालयात विचारा.

त्या ताईंनी कर्ज घेतलंच, पण गाडीभाड्याला आणि तपासणीला. डॉक्टरांनी गोळ्यांचं प्रमाण बदललं. पोरं अजून अधूनमधून येतात, पण आबा आता घाबरत नाहीत. परवा म्हणे सुनेला सांगत होते, "आज दोनच आलीत."