दीर्घ पल्ल्याची ट्रायथलॉन : नवोदित स्पर्धकाच्या दृष्टीने ऊर्जा, पाणी व गती यांचा विचार

प्रस्तावना

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार एकाच दिवशी, एकापाठोपाठ एक पूर्ण करावयाच्या स्पर्धेस ट्रायथलॉन असे म्हणतात. २००० साली सिडनी ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा प्रथमच समावेश झाला. तेथील अंतरे अनुक्रमे १.५, ४० व १० किलोमीटर अशी आहेत. दीर्घ पल्ल्याच्या स्पर्धेत मात्र ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि त्यानंतर ४२.२ किलोमीटरची संपूर्ण मॅरेथॉन असते. ‘आयर्नमॅन’ या नावाने सर्वपरिचित असलेली स्पर्धा ती हीच. हे सुमारे २२६ किलोमीटर अंतर तोडण्यासाठी साधारणतः १७ तासांची मर्यादा असते.

महाविद्यालयीन मैदानावर घडलेला खेळाडू आपली कामगिरी सेकंदांत मोजावयास शिकतो. दीर्घ ट्रायथलॉनमध्ये पहिल्यांदा उतरताना हीच सवय त्याला नडते. ही स्पर्धा पूर्ण होणे अथवा न होणे हे बव्हंशी शरीरातील साठ्याचा खर्च कसा केला यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या खर्चाचा हिशेब मांडला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पोहणारा, सायकलपटू आणि धावपटू यांपैकी सर्वांत तंदुरुस्त कोण, हा वाद हवाई बेटांवरील खेळाडूंमध्ये रंगला असता अमेरिकन नौदलातील अधिकारी जॉन कॉलिन्स यांनी ओआहू बेटावर होणाऱ्या तीन स्वतंत्र स्पर्धा एकत्र जोडण्याची कल्पना मांडली. १८ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिली शर्यत झाली. १५ जणांनी सुरुवात केली आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिला आला. दुसरा आलेला जॉन डनबार धावण्याच्या टप्प्याच्या आरंभी आघाडीवर होता. परंतु त्याच्या मदतनीसांजवळील पाणी संपले आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. हा किस्सा सहसा विनोद म्हणून सांगितला जातो. वास्तविक तो पुरवठ्याच्या नियोजनाचा धडा आहे. स्वतः कॉलिन्स यांना शर्यतीस १७ तासांहून काही सेकंद अधिक लागले, म्हणजे आजच्या मर्यादेत त्यांची गणना झाली नसती!

फेब्रुवारी १९८२ मधील घटना अधिक बोलकी आहे. कॅलिफोर्नियातील ज्युली मॉस ही विद्यार्थिनी व्यायामशरीरक्रियाशास्त्रातील आपल्या प्रबंधासाठी माहिती मिळावी म्हणून या शर्यतीत उतरली होती. महिलांमध्ये ती आघाडीवर होती. मात्र अंतिम रेषा काही पावलांवर असताना तिचे पाय निकामी झाले आणि ती कोसळली. कॅथलीन मॅकार्टनी तिला मागे टाकून विजयी झाली. मॉसने रांगत जाऊन रेषा ओलांडली, तेव्हा दोघींमधील अंतर २९ सेकंदांचे होते. हे दृश्य दूरचित्रवाणीवरून सर्वत्र पोहोचले आणि खेळाला अमाप प्रसिद्धी मिळाली. जिद्दीचा आदर्श म्हणून त्याचा गौरव होतो, तो योग्यच आहे. तथापि शिक्षकाने विद्यार्थ्यांना हे चित्रण दाखविताना अकरा तासांनंतर शरीर असे का कोसळते, हा प्रश्नही विचारला पाहिजे.

ऊर्जेचा हिशेब

मानवी शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपाने असतो. स्नायूंमध्ये सुमारे ४०० ते ५०० ग्रॅम आणि यकृतात सुमारे १०० ग्रॅम, म्हणजेच साधारण २,००० ते २,४०० किलोकॅलरी. संपूर्ण शर्यतीचा खर्च मात्र ८ ते १० हजार किलोकॅलरींच्या घरात जातो. उरलेली तूट चरबी आणि वाटेत घेतलेला आहार यांनी भरून काढावी लागते. चरबीचा साठा सडपातळ माणसाजवळही विपुल असतो, परंतु तिचे ज्वलन संथ असते. श्रमाची तीव्रता वाढली की शरीर कर्बोदकांकडे वळते. अर्थात जो सुरुवातीला जोर लावतो, तो आपली अल्प असलेली पुंजी आधी उधळतो.

आहारालाही मर्यादा आहे. आतड्यांतून ग्लुकोज ताशी सुमारे ६० ग्रॅमपर्यंत शोषले जाते; ग्लुकोज व फ्रुक्टोज यांचे मिश्रण घेतल्यास आणि सराव असल्यास हे प्रमाण ९० ग्रॅमपर्यंत नेता येते. तीव्र श्रमात रक्तपुरवठा स्नायूंकडे वळल्याने पोट अन्न नाकारते व मळमळ सुरू होते. म्हणून खाण्याचाही सराव करावा लागतो. केळी, खजूर, साखरपाणी अथवा बाजारातील जेल, जे काही शर्यतीत घ्यावयाचे ते आधीच्या दीर्घ सरावांत घेऊन पाहिलेले असावे. सायकलवर हे सोपे जाते, धावताना कठीण. सबब खाण्याचे बहुतांश काम सायकलवरच उरकावे लागते.

सायकलवरील मोह

नवोदिताची शर्यत बहुधा सायकलवर बिघडते, पण ती बिघडल्याचे त्याला धावताना समजते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. ताशी २५ ऐवजी ३० किलोमीटर वेग ठेवल्यास केवळ हवेशी झुंजण्यासाठी लागणारी शक्ती सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. वेळेची बचत किती? १८० किलोमीटरला २५ च्या वेगाने ७ तास १२ मिनिटे लागतात, ३० च्या वेगाने ६ तास. म्हणजे ७२ मिनिटे हाती लागतात. परंतु या उधळपट्टीमुळे ताशी ८ किलोमीटरने धावू शकणाऱ्यास पुढे ताशी ६ किलोमीटरने चालावे लागले, तर मॅरेथॉनला सव्वापाच तासांऐवजी सात तास लागतात आणि जवळपास पावणेदोन तास गमवावे लागतात. पुढच्या सायकलच्या आडोशाने जाऊन वाऱ्यापासून बचाव करण्यास या स्पर्धेत मनाई असते, त्यामुळे हा भार प्रत्येकाला एकट्यानेच वाहावा लागतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू दिलासा देणारी आहे. बहुतेक ठिकाणी पोहण्यास २ तास २० मिनिटे आणि सुरुवातीपासून सायकल संपेपर्यंत साडेदहा तास अशी मर्यादा असते. एखाद्याने पोहण्यास पावणेदोन तास, सायकलीस साडेसात तास आणि मधल्या कपडे बदलण्यास पाव तास घेतला, तरी धावण्यासाठी साडेसात तास उरतात. तेवढ्या वेळात ताशी सुमारे ५.६ किलोमीटरने, म्हणजे झपाझप चालूनही मॅरेथॉन पूर्ण होते. पायांत त्राण शिल्लक राहिले पाहिजे, एवढीच अट.

पाणी : कमी आणि अधिक

उष्ण हवेत निर्जलीकरणाचा धोका सर्वांना ठाऊक असतो. अतिरिक्त पाण्याचा धोका त्यामानाने अपरिचित आहे. टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील अशा रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले. अतिपाण्यामुळे रक्तातील सोडियम विरळ होते. ते लिटरमागे १३५ मिलिमोलच्या खाली गेल्यास मळमळ, संभ्रम, क्वचित मेंदूला सूज व मृत्यूही ओढवतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीत १३ टक्क्यांमध्ये हे प्रमाण घटलेले आढळले. चार तासांहून अधिक वेळ घेणारे आणि शर्यतीत वजन वाढलेले धावपटू त्यांत प्रामुख्याने होते. संथ स्पर्धकाला घाम बेताचा आणि पाणी पिण्यास अवसर भरपूर, हे त्यामागील कारण. नवोदित हा बहुधा संथच असतो. त्याने तहानेनुसार प्यावे आणि सरावाच्या आधी व नंतर वजन करून आपल्या घामाचा अंदाज घ्यावा. वजन वाढणे ही धोक्याची खूण होय.

पोहण्याचा टप्पा

पोहणे हा अंतराने सर्वांत लहान टप्पा असला तरी जीविताच्या दृष्टीने तोच सर्वांत गंभीर आहे. १९८५ ते २०१६ या काळातील अमेरिकेतील ट्रायथलॉनमधील मृत्यू व हृदयक्रिया बंद पडण्याच्या १३५ घटनांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतील ९० घटना पोहताना घडल्या होत्या. २५ मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे १५२ फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीअखेर भिंतीचा आधार. समुद्रात भिंत नसते, तळ दिसत नाही, शेजाऱ्याचे हातपाय लागतात. तलावातील उत्तम वेळ या परिस्थितीची हमी देऊ शकत नाही. चाळिशी उलटलेल्या प्राध्यापकाने हृदयतपासणी करून घेणे आणि उघड्या पाण्यात अनुभवी सोबत्यासह पुरेसा सराव करणे या दोन गोष्टी टाळू नयेत.

मिलिंद सोमण यांनी २०१५ मध्ये पन्नाशीच्या उंबरठ्यावर झुरिच येथील आयर्नमॅन १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली. तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतून या स्पर्धेची चर्चा वाढली. गोव्यात मिरामार किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१९ मध्ये निम्म्या अंतराची, म्हणजे १.९, ९० व २१.१ किलोमीटरची स्पर्धा प्रथम झाली. प्रथमच उतरणाऱ्याने पूर्ण अंतराआधी अशी एखादी अर्धी स्पर्धा करावी आणि तिच्यात सायकल संपतेवेळी पोटात काय टिकले, पायांत किती उरले, याची नोंद ठेवावी. पूर्ण अंतरासाठीचा आहार आणि सायकलचा वेग या नोंदीवरूनच ठरविता येतो.