बांबूचा सापळा

मासा धरण्याची युक्ती मनुष्याने दोन प्रकारे साधली आहे. माशाला आमिष दाखवून ओढून काढावयाचे, हा एक प्रकार. त्याने आपण होऊन आत यावे आणि मग त्यास बाहेरची वाट सापडू नये, हा दुसरा. पहिल्याचे साधन गळ, दुसऱ्याचे सापळा. ही साधने कशाची घडावयाची, हे मात्र त्या त्या प्रदेशात हाताशी काय आहे यावरच ठरते.

प्रशांत महासागरातील ग्वाम बेटावर पूर्वी धातू नव्हता. तेथील चामोरो लोक शिंपल्यांचे व हाडांचे गळ घासून, कोरून तयार करीत. १५२१ मध्ये मॅगेलनची जहाजे तेथे पोहोचली. पुढे स्पॅनिश अमलात लोखंड आले आणि शिंपल्याचे गळ मागे पडले. आज तेथील कारागीर असे गळ पुन्हा कोरतात. परंतु ते पाण्यात सोडण्यासाठी नव्हे, तर अलंकार म्हणून गळ्यात घालण्यासाठी!

चंद्रपूर जिल्ह्यातील कोरपना समुद्रापासून फार दूर. या डोंगराळ भागात शिंपल्यांची जागा बांबूने घेतली आहे. येथे गोंड व कोलाम लोक राहतात. कोलामांच्या वस्तीस कोठे पोड, तर कोठे गुडा म्हणतात. बांबूच्या टोपल्या व सुपे विणण्यात कोलामांचा हात फार पूर्वीपासून बसलेला आहे. टोपली आणि मासे धरण्याचा सापळा ही एकाच कलेची भावंडे होत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात नाल्यांच्या काठी हा सापळा आढळतो.

या रानात मानवेल आणि कटांग या बांबूच्या दोन जाती प्रसिद्ध आहेत. मानवेल बारीक, पण भरीव व चिवट. कटांग जाड, पोकळ आणि काटेरी. विणकामास बांबू फार कोवळा चालत नाही, फार जूनही चालत नाही. त्याचे तंतू उभे धावतात. म्हणून कोयत्याचा एक घाव टोकावर बसला की चीर सरळ खाली उतरते. मौज अशी की, दोन्ही भाग सारखे नसतील तर चीर बारीक भागाकडे सरकते व कामटी मध्येच तुटते. म्हणून कारागीर बांबू नेहमी निम्मा-निम्मा चिरीत जातो, आणि चीर वाकडी होऊ लागली की जाड भागास बाक देऊन तिला ताळ्यावर आणतो. हे मोजपट्टीने होत नाही. बोटांनाच ते कळावे लागते.

सापळा लांबट असून एका टोकास निमुळता होतो. त्याच्या तोंडाशी कामट्यांचे एक नरसाळे आत वळवून बसविलेले असते. कामट्यांची मोकळी टोके एकमेकींजवळ येतात. मासा रेटून आत शिरतो तेव्हा त्या लवतात आणि तो जाताच पूर्ववत् मिटतात. आत आलेला मासा भिंतीच्या कडेकडेने फिरत राहतो. मधोमध असलेले ते अरुंद दार त्याला गवसत नाही. दोन कामट्यांमधील फटीतून पाणी वाहून जाते व लहान पिलेही निसटतात. फट किती ठेवावी, हे विणणारा ठरवितो. पावसाळ्यात पाण्याबरोबर मासे धानाच्या बांध्यांपर्यंत चढतात आणि पाणी ओसरू लागले की परत फिरतात. ज्या वाटेने ते येणार, तिकडे तोंड करून सापळा रोवावा लागतो.

वाळलेला बांबू चिरताना तडकतो. म्हणून विणणाऱ्यास ताजा बांबू पुन्हा पुन्हा लागतो आणि तो असतो रानात. वनस्पतिशास्त्राप्रमाणे बांबू हे गवत. परंतु १९२७ च्या भारतीय वन कायद्याने त्याची गणना झाडांत केली होती. साहजिकच तो तोडण्यावर व नेण्यावर निर्बंध आले. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूस गौण वनोपज मानले. त्याच कायद्याखाली गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावास २००९ मध्ये आपल्या वनावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने त्या गावची ग्रामसभा स्वतः देऊ लागली. पुढे २०१७ मध्ये वन कायद्यातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येतून बांबू वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावर वाढविलेला बांबू त्या कायद्याच्या बंधनातून सुटला.